नौपाड्याचं क्रोटन नेरूळला: गुटी कशी बांधायची

नौपाड्यातली आमची जुनी इमारत पुनर्विकासाला जायची ठरली, तेव्हा सासूबाईंना सगळ्यात जास्त काळजी लागली ती फाटकाजवळच्या क्रोटनची. त्यांनी स्वतः लावलेलं. खालची पानं गडद लाल, मधली केशरी, शेंड्याला पोपटी, वर पिवळ्या शिरा. "तेवढं तरी ने गं," म्हणाल्या. एवढं झाड उपटून नेरूळच्या तिसऱ्या मजल्यावर आणणं शक्य नव्हतं. बी पेरावं, तर क्रोटनचं रोप आईच्याच रंगाचं निघेल याचा भरवसा नसतो. म्हणून जूनमध्ये चार फांद्यांवर गुटी बांधली. गुटी म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटवायची आणि मग ती कापून लावायची.

हे काम पावसाळ्यातच करा. हवा दमट असली की मुळं लवकर धरतात. पेन्सिलीएवढी जाड, निरोगी फांदी निवडा. शेंड्यापासून फूटभर खाली चार-सहा पानं काढून जागा मोकळी करा. धारदार ब्लेडने इंचभर अंतरावर फांदीभोवती दोन गोल काप द्या आणि मधली साल सोलून काढा.

चीक वाहील. क्रोटन एरंडाच्याच कुळातलं, त्याचा चीक अंगाला लागला तर खाज येते, डोळ्यांत तर जाऊच देऊ नका. कपड्यावरचा डाग निघत नाही. माझ्या एका सुती साडीवर तो अजून आहे. हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा, चीक ओल्या फडक्याने टिपून घ्या.

आता नीट लक्ष द्या. साल निघाली तरी लाकडावर एक बुळबुळीत थर उरतो. ब्लेडने तो खरवडा, बोट फिरवल्यावर निसटतं लागू नये. माझ्या दोन फांद्यांवर तो राहिला होता. सहा आठवड्यांनी प्लास्टिक सोडलं तर वरची साल खालच्या सालीला पुन्हा जुळलेली, मूळ एकही नाही! पानांत तयार झालेलं अन्न सालीतूनच खाली उतरतं. ती वाट तुटली की अन्न वरच्या काठाशी साचतं, तिथे गाठ येते आणि गाठीतून मुळं फुटतात. साल जुळली की अन्न पुन्हा खाली निघून जातं. पाणी मात्र आतल्या लाकडातून वर चढत राहतं, म्हणून साल काढूनही पानं सुकत नाहीत.

नर्सरीत मॉस, म्हणजे वाळवलेलं शेवाळ, मिळतं. ते भिजवून घट्ट पिळा आणि मूठभर त्या जागेभोवती दाबून बसवा. वर पारदर्शक प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोकं सुतळीने आवळा. वरचं टोक सैल राहिलं तर पाऊस आत शिरतो आणि मॉस कुजतं. चार ते सहा आठवड्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागतात. ती भरपूर झाली की गुटीच्या खाली कापा, प्लास्टिक काढा, मॉस तसंच ठेवून आठ इंची कुंडीत लावा. माती, शेणखत, कोकोपीट समप्रमाणात; तळाला भोक हवंच.

पंधरा दिवस सावलीत ठेवा. या काळात खालची पानं गळतील, ती गळतातच. जागा बदलली की क्रोटन रुसतं, म्हणून कुंडी रोज इकडून तिकडे हलवू नका. नंतर हळूहळू उन्हात आणा. दिवाणखान्यात कोपऱ्यात ठेवलंत तर झाड जगेल, पण हिरवं पडेल. रंग उजेडावर असतो. आमच्या पूर्वेच्या ग्रिलमध्ये सकाळचं चार तास ऊन येतं, तेवढं त्याला मानवलं आहे.

हिवाळ्यात हवा कोरडी झाली की पानांच्या पाठीमागे लाल कोळी ही कीड येते, बारीक जाळी दिसते. पानं दोन्ही बाजूंनी पाण्याने धुवा, तेवढ्याने नाही गेली तर निंबोळी तेल फवारा.

नवं पान पोपटीच येईल. सासूबाई पहिल्या दिवशी हिरमुसल्या होत्या, "हे आपलं नव्हे" म्हणाल्या. पान जुनं होत जातं तसा रंग चढतो. दिवाळीच्या सुमारास त्या पानावर केशरी उतरलं, आणि तेव्हापासून कुंडीला पाणी त्याच घालतात.