डोक्याला मार लागल्यावर: मेंदू वाचवायचे पहिले तास आणि औषधांचा खरा उपयोग

लोकलमधून पडणं, पावसात स्कूटर घसरणं, बांधकामाच्या परांचीवरून खाली येणं. मार क्षणाचा असतो. त्यात चिरडलेल्या पेशी गेल्या, त्या कुठल्याही औषधाने परत येत नाहीत. पण आजूबाजूच्या पेशी तेव्हा जिवंत असतात आणि पुढच्या काही तासांत, दिवसांत मरत जातात. धडपड करायची ती त्यांच्यासाठी.

मेंदूचं वजन शरीराच्या 2 टक्के, पण ऑक्सिजन लागतो 20 टक्के. शिवाय त्याच्या पेशींच्या आवरणात लवकर खराब होणारी चरबी भरपूर. मार लागला की ग्लुटामेट हे पेशींमधलं निरोप्या रसायन सांडतं, कॅल्शियम पेशींत घुसतं, पेशींना ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया बिघडतात आणि फ्री रॅडिकल, म्हणजे पेशींची मोडतोड करणारे कण सुटतात. साकळलेल्या रक्तातलं लोह त्यात भर घालतं. डब्यातलं तेल खवट होतं तीच ही क्रिया, फक्त इथे ती काही मिनिटांतच सुरू होते.

आधी 108 लावा आणि मार लागल्याची वेळ मोबाइलमध्ये टिपून ठेवा; पुढे एका औषधाचा निर्णय त्या वेळेवरच होतो. जखमीला उठवून बसवू नका. उलटी होत असेल तर डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून दोघा-तिघांनी मिळून कुशीवर वळवा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी, चहा, साखर काहीही घालू नका, ते थेट फुप्फुसात जातं. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा, पण खाली हाड दबल्यासारखं लागलं तर तिथे जोर देऊ नका. हळद, कॉफी पावडर नको. अनोळखी माणूस रस्त्यावर पडलेला दिसला तरी मागे हटू नका: मोटार वाहन कायद्याचं 134अ कलम मदत करणाऱ्याला संरक्षण देतं.

श्वास नीट चालू असेल तर सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन रात्रीही मिळतील तिथेच न्या. मुंबईत सायन, केईएम, नायर, जेजे ही त्यातली सरकारी-पालिकेची मोठी ठिकाणं. छोट्या नर्सिंग होममध्ये टाके घालून मग पुढे पाठवण्यात तास जातात. श्वासच अडखळत असेल तर मात्र जे सर्वांत जवळ तिथे.

आता औषधं. सगळ्यात प्रभावी ‘अँटिऑक्सिडंट’ (फ्री रॅडिकलला आवर घालणारं औषध) इंजेक्शनच्या बाटलीत नाही, ते म्हणजे नीट रक्तदाब आणि ऑक्सिजन. वरचा रक्तदाब एकदा जरी 90 च्या खाली गेला तरी गंभीर मार लागलेल्यांत मृत्यूचं प्रमाण दुपटीच्या आसपास जातं. म्हणून तरुण माणसात तो 110 च्या वर आणि बोटावरचं ऑक्सिजनचं रीडिंग 94 च्या वर ठेवतात. नखाला नेलपॉलिश असेल किंवा बोटं गार पडली असतील तर रीडिंग फसतं; नेलपॉलिश आधी पुसा. गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन तासन्‌तास दिला तर फ्री रॅडिकल वाढतात, तेव्हा ‘अजून वाढवा’ असा आग्रह धरू नका.

वेळेवर अवलंबून असलेलं ते औषध म्हणजे रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड. ते 3 तासांच्या आत दिलं तरच अर्थ: 1 ग्रॅम 10 मिनिटांत, मग 1 ग्रॅम 8 तासांत सलाईनमधून. 2019 च्या क्रॅश-3 अभ्यासात फायदा दिसला तो सौम्य ते मध्यम मार असलेल्यांत. मॅनिटॉल मेंदूची सूज उतरवतं, पण लघवी वाढवून रक्तदाब पाडू शकतं. गंभीर मार असेल तर फिट रोखायचं औषध साधारण 7 दिवस देतात. मोठ्या डोसचं स्टिरॉइड नको. 2004 च्या क्रॅश अभ्यासात 10,008 रुग्ण होते. मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांत 21.1 टक्के गेले, न दिलेल्यांत 17.9.

मेंदू वाचवणारी म्हणून दिली जाणारी सिटिकोलिन, एडारावोन, व्हिटॅमिनची इंजेक्शनं चिठ्ठीवर दिसली तर ‘याने नेमकं काय साधेल?’ असं शांतपणे विचारा. सिटिकोलिन 2012 मध्ये 1,213 रुग्णांवर तपासलं, फरक पडला नाही. एडारावोन मूत्रपिंडांवर ताण आणू शकतं. उंदरांत अशी औषधं छान चालतात, कारण तिथे मार दिल्यावर कधी कधी अर्ध्या तासातच सुई टोचलेली असते. मुंबईच्या ट्रॅफिकमधून माणूस पोचेपर्यंत पहिला भडका होऊन गेलेला असतो. कर्ज काढून यांचा कोर्स पुरा करण्यापेक्षा तो पैसा फिजिओथेरपीसाठी राखा.

घरी सोडलं तर पहिले 24 तास कुणीतरी सोबत हवं. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, न उठणारी झोप, एका डोळ्याची बाहुली मोठी, हात-पाय लुळा, फिट: यातलं एक दिसलं तरी लगेच परत न्या. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आजी-आजोबा न्हाणीघरात घसरले असतील, त्यातही रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर दोन-तीन आठवड्यांनीही चाल डगमगली किंवा बोलण्यात गोंधळ झाला की पुन्हा सीटी करून घ्या. कवटीखाली हळूहळू साचणारं रक्त तेव्हा कळतं.