विमानाचं तिकीट चुकीच्या तारखेचं निघालं तर

‘शनिवारी रात्री दीडचं विमान’ असं आपण म्हणतो तेव्हा शनिवारी रात्री जेवून निघायचं असंच डोक्यात असतं. तिकिटावर मात्र तो रविवार असतो, वेळ ०१:३०. आपल्या बोलण्यात झोपून उठल्याशिवाय वार बदलत नाही, पंचांगातही तो सूर्योदयालाच बदलतो. विमान कंपनीचा वार बाराच्या ठोक्याला बदलतो. मुंबईहून आखाताकडे आणि युरोपकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्र ते पहाट या वेळात सुटतात, त्यामुळे ही चूक तिथे ठरलेली. शनिवारची तारीख टाकून ०१:३०चं तिकीट काढलं आणि शनिवारी रात्री विमानतळावर पोचलात, तर विमान जवळजवळ एक दिवस आधीच गेलेलं असतं.

तारीख चुकण्याच्या आणखी दोन-तीन वाटा आहेत. लीप वर्ष नसेल तेव्हा फेब्रुवारी आणि मार्चच्या तारखा एकाच वारी येतात. १० फेब्रुवारी २०२६ मंगळवार, १० मार्चही मंगळवार, त्यामुळे नुसता वार बघून खात्री करणारा फसतो. अमेरिकी संकेतस्थळावर ०५/०६ म्हणजे ५ जून नव्हे, ६ मे. आणि १२:१० एएम ही दुपार नाही.

चूक लक्षात आली की पहिलं काम म्हणजे रद्दचं बटण न दाबणं. आधी तीन गोष्टी कागदावर लिहा: तिकीट किती वाजता काढलं (कन्फर्मेशनच्या मेलवर वेळ असते), कोणाकडून काढलं, आणि विमान सुटायला किती दिवस आहेत. पुढचं सगळं यावर ठरतं.

डीजीसीए म्हणजे देशातल्या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी महासंचालनालय. त्याच्या परताव्याच्या नियमांत ‘लुक-इन’ नावाची सोय आहे. मूळ नियमाप्रमाणे तिकीट काढल्यापासून २४ तासांत ते रद्द करता येत असे किंवा बदलता येत असे आणि त्याचं वेगळं शुल्क लागत नसे. तारीख बदलली तर नव्या दिवसाच्या चालू भाड्यातला फरक मात्र भरावा लागतो. विमान कंपनीच्या संकेतस्थळावर काढलेलं तिकीट ७ दिवसांच्या आतल्या उड्डाणाचं असेल तर ही सोय नव्हती. नोव्हेंबर २०२५ मध्ये डीजीसीएने मसुदा मांडला, त्यात अवधी ४८ तासांचा आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी दिवसांची अट १५ची होती. म्हणून आपल्या तिकिटाला नेमकं काय लागू आहे ते कंपनीच्या अटींत बघा, पण हालचाल पहिल्या २४ तासांतच करा. कस्टमर केअरला फोन करताना ‘लुक-इन’ हा शब्द स्वतःहून उच्चारा. नुसतं ‘तारीख चुकली’ म्हटलं तर समोरचा सरळ बदलाचं शुल्क सांगून मोकळा होण्याची शक्यता असते.

परदेशी कंपनीच्या तिकिटाचा परतावा तिच्या देशाच्या नियमांनी होतो. अमेरिकेला जाणाऱ्या किंवा तिथून सुटणाऱ्या विमानाचं तिकीट थेट कंपनीकडून, सुटण्याच्या किमान ७ दिवस आधी काढलं असेल तर २४ तासांत दंडाशिवाय रद्द करता येतं. अपवाद एकच: काही कंपन्या त्याऐवजी पैसे न घेता भाडं २४ तास राखून ठेवण्याची सोय देतात.

तो अवधी उलटून गेला असेल तर हिशेब मांडायला बसा. बहुतेक लोक इथेच घाई करतात. तारीख बदलणं नेहमी स्वस्त असतं असं नाही. समजा तिकीट ६,४०० रुपयांचं आहे: मूळ भाडं आणि इंधन अधिभार मिळून ५,३००, बाकी १,१०० कर आणि विमानतळाचे आकार. बदलाचं शुल्क ३,०००, रद्द करण्याचं ३,५००, आणि हव्या त्या दिवसाचं भाडं आता ७,२००. बदल केला तर ३,००० अधिक ८०० फरक, म्हणजे ३,८०० गेले. रद्द करून त्याच कंपनीचं नवं काढलं तर हातात येतात २,९०० आणि जातात ७,२००, म्हणजे ४,३००चा फटका. बदल बरा. पण त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीचं तिकीट ५,५००ला मिळत असेल तर ५,५०० वजा २,९००, फक्त २,६००. आता रद्द करणं शहाणपणाचं.

स्वस्त तिकिटाचं गणित आणखी वेगळं. रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार याच्या वर जाऊ शकत नाही, असा नियम आहे. ३,१०० रुपयांच्या तिकिटात भाडं आणि अधिभार २,२०० असेल, तर दरपत्रकात ३,५०० लिहिलेलं असलं तरी कापता येतात २,२००च. उरलेले ९०० परत मिळायला हवेत. भाडं ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरी सरकारी कर आणि विमानतळाचे आकार परत मिळतात, विमान चुकलं असलं तरीही. तिकीट काढताना भरलेली कन्व्हीनियन्स फी मात्र गेली असंच धरा.

हिशेबात रद्द करणं पुढे आलं तर क्रम उलटा ठेवा: आधी नवं तिकीट, मग जुनं रद्द. नाहीतर परताव्याचा फॉर्म भरून होईपर्यंत नव्या दिवसाचं भाडं चढलेलं असतं.

प्रत्यक्ष बदल कंपनीच्या संकेतस्थळावर ‘मॅनेज बुकिंग’मध्ये होतो. सहा अक्षरांचा पीएनआर आणि आडनाव किंवा ईमेल लागतो. वेब चेक-इन झालेलं असेल तर ते आधी रद्द करावं लागतं, नाहीतर बदलाचा पर्यायच दिसत नाही. जाण्या-येण्याचं तिकीट असेल तर फक्त चुकलेल्या फेरीवर खूण करा. एका पीएनआरवर चौघं आहेत आणि एकाचीच तारीख हलवायची आहे, तर कंपनीला पीएनआर वेगळा करायला सांगा; त्याला ‘स्प्लिट’ म्हणतात आणि ते सहसा फोनवर होतं. पैसे भरण्याआधी शेवटच्या पडद्यावर तारीख, वार आणि २४ तासांच्या घड्याळातली वेळ तिन्ही मोठ्याने वाचा. विकत घेतलेली सीट, जेवण आणि जादा सामान नव्या उड्डाणावर आपोआप येतंच असं नाही. ते पुन्हा तपासा.

विमानतळही तपासा. तारीख हलवताना यादीत सगळ्यात स्वस्त दिसतं ते उड्डाण निवडलं की हा घोटाळा होतो. तिकिटावरच्या तीन अक्षरी संकेतात गोव्यातलं दाबोळी म्हणजे जीओआय आणि मोपा म्हणजे जीओएक्स, दोन्ही एकमेकांपासून लांब. मुंबईत सांताक्रूझ-सहारचा विमानतळ बीओएम आणि डिसेंबर २०२५ पासून सुरू झालेला नवी मुंबईचा एनएमआय. तारीख सुधारली आणि विमानतळ चुकला, असं व्हायला नको.

तिकीट एखाद्या ॲपवरून किंवा एजंटकडून काढलं असेल तर कंपनी बऱ्याचदा ‘त्यांच्याकडेच जा’ म्हणते. मग बदलही तिथूनच, आणि कंपनीच्या शुल्कावर त्यांची स्वतःची फी वेगळी. लुक-इन इथे आपोआप मिळेल असं धरून चालू नका; विचारा आणि उत्तर लेखी घ्या. त्यांचा बुकिंग आयडी आणि कंपनीचा पीएनआर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फोनवर गोंधळ होतो तो इथेच.

कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका. तिथे भामट्यांनी पेरलेले नंबर असतात, आणि तारीख चुकल्याने घाबरलेला माणूस त्यांना हवाच असतो. नंबर कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा तिकिटाच्या मेलमधून घ्या. परताव्यासाठी कोणी ओटीपी मागितला किंवा स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

आता सगळ्यात वाईट प्रसंग: चूक विमानतळावरच कळली. दारावर सीआयएसएफचा जवान तारीख बघतो आणि तिथेच अडवतो. त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही, आत सोडणं त्याच्या हातात नसतं. बाहेरच्या बाजूला कंपन्यांच्या तिकीट खिडक्या असतात, तिकडे जा. तिकीट उद्याचं असेल तर ते अजून जिवंत आहे. आज जागा आहे का आणि किती फरक पडेल ते विचारा, आणि रांगेत असतानाच मोबाइलवर बाकी कंपन्यांची भाडी बघा. तिकीट कालचं असेल तर तो ‘नो-शो’ झाला, म्हणजे प्रवासी आलाच नाही अशी नोंद. भाडं गेलं, पण करांच्या परताव्याची मागणी नोंदवा. जाण्या-येण्याचं एकत्र तिकीट असेल तर आणखी एक धोका: पहिली फेरी न वापरल्यास कित्येक कंपन्या परतीची फेरीही रद्द करतात. म्हणून ‘जाणं बुडालं तर बुडू दे, येताना वापरू’ असं मनाशी ठरवू नका. परतीची फेरी शाबूत आहे का, हे खिडकीवरच विचारून घ्या.

विमान सुटायला अजून काही आठवडे असतील तर जुने मेल एकदा चाळा. कंपनीने मध्येच वेळ बरीच बदललेली असेल, तर तारीख फुकट हलवून द्यायला ती तयार होऊ शकते. उड्डाणच रद्द केलं असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा हा तुमचा हक्कच आहे. पण पुढे कधीतरी वेळ बदलेल या आशेवर थांबणं म्हणजे जुगार, भाडं तोवर थांबत नाही.

परदेशप्रवासाची तारीख हलली की व्हिसा कोणत्या दिवसापासून लागू आहे ते बघा. प्रवास विम्याची सुरुवात आणि हॉटेलची पहिली रात्रही त्याबरोबर हलवा. पुढचं जोडविमान वेगळ्या पीएनआरवर असेल तर तेही स्वतःच बदलायचं, पहिल्या कंपनीला त्याचा पत्ताही नसतो.

थेट कंपनीकडे क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर रद्द केल्यापासून ७ दिवसांत परतावा यायला हवा. एजंटमार्फत असेल तर जास्त वेळ लागतो, पण जबाबदारी कंपनीचीच राहते. पैशांऐवजी ‘क्रेडिट शेल’ (पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा राहणारी रक्कम) देऊ केलं तर ते घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं, कंपनीने नाही. दाद मिळाली नाही तर आधी कंपनीच्या नोडल (तक्रारी बघणाऱ्या) अधिकाऱ्याकडे, मग त्याच्या वरच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे, आणि त्यानंतर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करा. तक्रारीत पीएनआर, तिकीट काढल्याची व रद्द केल्याची वेळ आणि कापलेल्या रकमेचा तपशील द्या, आणि शुल्क दाखवणाऱ्या पडद्याचा स्क्रीनशॉट जोडा. तो रद्द करण्याआधीच काढून ठेवावा लागतो, नंतर तो पडदा पुन्हा दिसत नाही.