हनुवटीवरचे हट्टी मुरूम: कोणतं औषध, कसं घ्यायचं

पाळीच्या आधी हनुवटी आणि जबड्यावर दुखरे, खोल मुरूम येत असतील, तर नुसत्या फेसवॉशने भागत नाही. पाळी अनियमित असेल किंवा चेहऱ्यावर केस वाढत असतील, तर आधी पीसीओएसची (अंडाशय आणि हार्मोन्सशी संबंधित विकाराची) तपासणी करून घ्या.

सुरुवात अ‍ॅडापॅलीन ०.१ टक्के जेलने करा. रात्री कोरड्या त्वचेवर, वाटाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्याला. फक्त मुरमावर टिपके देऊन उपयोग नाही. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड लावा. बहुतेक जणी इथेच चुकतात: जास्त लावतात, साल निघते आणि औषध बंद होतं. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात.

तेवढ्याने भागलं नाही, तर डॉक्टर स्पायरोनोलॅक्टोन ही पुरुषी हार्मोन्सचा परिणाम रोखणारी गोळी देतात. साधारण २५ ते ५० मिलिग्रॅमने सुरुवात, गरजेनुसार १०० पर्यंत. लघवी वाढते, म्हणून गोळी सकाळी घ्या. चक्कर येऊ शकते किंवा दोन पाळ्यांच्या मधेच रक्तस्राव होऊ शकतो. मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील, तर पोटॅशियम तपासावं लागतं. गरोदरपणात हे औषध चालत नाही. खात्रीचं गर्भनिरोधक हवं.

संयुक्त गर्भनिरोधक गोळ्याही (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन्ही हार्मोन्स असलेल्या) मुरूम कमी करतात. मात्र रक्ताची गुठळी झालेली असेल, ऑरासह मायग्रेन (डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे चमकणं वगैरे) असेल किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान चालू असेल, तर त्या नकोत. फक्त प्रोजेस्टिन असलेल्या गोळ्यांनी उलट मुरूम वाढू शकतात.

गर्भधारणेचा विचार असेल, तर अ‍ॅडापॅलीनही थांबवा आणि त्याऐवजी लावायच्या अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिडबद्दल डॉक्टरांना विचारा.