कमान कशावर टेकली आहे?

आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला रेनेसाँ, म्हणजे युरोपातील प्राचीन कलेच्या पुनरुज्जीवनाचा काळ, शिकायला येईपर्यंत डोरिक, आयोनिक आणि कॉरिंथियन ही प्राचीन खांबांच्या शैलींची नावे सगळ्यांचीच पाठ झालेली असतात. माझीही होती, आणि तरीही तोंडी परीक्षेत मी सपशेल आपटलो. फ्लॉरेन्समधील अनाथ बालकाश्रमाची ओसरी, जिचे काम १४१९ मध्ये सुरू झाले, ती वास्तुकार ब्रुनेलेस्कीने प्राचीन रोमन नमुन्याबरहुकूम उभारली, असे मी ठामपणे सांगितले. 'कोणत्या इमारतीवरून?' या प्रश्नाला मी 'कोलोसियम' असे उत्तर दिले, तेव्हा परीक्षकांनी माझेच रेखाटनाचे शीट माझ्यापुढे सरकवले.

चूक नेमकी तिथेच होती. रोमच्या कोलोसियममध्ये कमानीचा भार पिअर, म्हणजे जाडजूड चौकोनी बांधीव आधार, पेलतो आणि त्याला चिकटलेला अर्धस्तंभ केवळ दर्शनी असतो. ब्रुनेलेस्कीच्या ओसरीत मात्र कमानी थेट सडपातळ गोल खांबांच्या शीर्षांवर उतरतात. ही रीत त्याने फ्लॉरेन्सच्याच सान मिनियातोसारख्या, अकराव्या शतकात आकार घेतलेल्या चर्चमध्ये पाहिली असणार. गावातील बाप्तिस्मागृह तर मुळात रोमन मंदिरच होते, अशी तेव्हाच्या फ्लॉरेन्सकरांची समजूत होती, म्हणजे 'प्राचीन' कशाला म्हणायचे याचाच त्यांच्याकडे घोळ होता. पुढे वास्तुकार आणि लेखक अल्बेर्तीने गोल खांबावर सरळ तुळई आणि कमानीखाली चौकोनी पिअर हवा, असा आग्रह धरला, तो या पार्श्वभूमीवर वाचला तरच कळतो. त्यामुळे 'पुनरुज्जीवन' या शब्दाचा अर्थ 'नक्कल' असा कृपा करून घेऊ नका.

सीनियरांच्या तयार नोट्सविषयी माझे मत वाईट आहे. माझे ते ठाम वाक्य तिथूनच आले होते. उलट, जे सर प्रत्येक इमारतीचा छेद (उभी कापल्यावर आत दिसेल तसे रेखाटन) हाताने काढायला लावत आणि ज्यांना आम्ही मनोमन शिव्या देत होतो, त्यांच्यामुळेच पुढचे सत्र निभावले. मात्र घाबरून जाऊ नका: इटलीला जाणे कोणालाच परवडत नाही, आणि त्यावाचून अडतही नाही. ओसरीतील खांबाची उंची, दोन खांबांमधील अंतर आणि ओसरीची खोली जवळपास सारखी आहे, हे छापील नकाशावर कर्कटक धरूनही पडताळता येते.

जुन्या गोव्यातील सेंट कॅजेटन चर्च रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर बांधलेले आहे. तिथे मी दोन तास बसून पिअर आणि कमान जिथे भेटतात तो एकच कोपरा रेखाटला. तो वाकडा आला, पण यावेळी कमान कशावर टेकली आहे, ते मात्र बरोबर उतरले.