हृदय पुनर्वसनाचा ऑनलाइन कोर्स करताना : सातारा-सांगलीकडच्या नव्यांसाठी

बायपास मिरजेला किंवा कराडला होते, पण पेशंट राहतो जतला नाहीतर पाटणला. व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा एसटीनं यायचं म्हणजे तीन दिवसांची मजुरी बुडते. मग पुढचे बारा आठवडे त्याच्यावर लक्ष ठेवायला तालुक्यातला फिजिओथेरपिस्ट नाहीतर नर्सच उरते. कार्डियाक रिहॅबचं ऑनलाइन प्रशिक्षण खऱ्या अर्थानं त्यांच्या कामाचं.

सुरुवात आयसीसीपीआर या हृदय पुनर्वसनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या फाउंडेशन्स सर्टिफिकेशननं करावी. तो कोर्स कमी साधनांच्या ठिकाणांचा विचार करून आखलेला आहे. मात्र कुठलंही ऑनलाइन प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. पेशंटला व्यायाम सुरू करायची परवानगी हृदयरोगतज्ज्ञांकडून लेखीच घ्यायची. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं, तर व्हिडिओ बघून येतच नाही: मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, हे पुतळ्यावर हात दुखेपर्यंत करावं लागतं. बीएलएसचा, म्हणजे जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपचारांचा, प्रत्यक्ष वर्ग आधी उरका.

मॉड्यूल संपलं की त्याच आठवड्यात ते हातानं करून बघायचं. पहिली घ्या सहा मिनिटांची चालचाचणी, म्हणजे सहा मिनिटांत पेशंट किती अंतर चालतो ते मोजायचं. सपाट ३० मीटरचा मार्ग, दोन्ही टोकांना खूण, जवळ खुर्ची, आधी दहा मिनिटं विश्रांती. बसल्या जागी नाडी १२० च्या वर किंवा बीपी १८०/१०० च्या वर असेल तर त्या दिवशी चाचणी नाही. महिन्याभरात झटका आला असेल तरीही नाही. पेशंटच्या बरोबरीनं चालू नका, तो तुमचा वेग धरतो. जागा नाही म्हणून १० मीटरच्या व्हरांड्यात उरकलं तर वळण्यातच वेळ जातो आणि अंतर कमी भरतं. पुढच्या वेळी मोठ्या मार्गावर घेतलं की नसलेली सुधारणा दिसते. मार्ग दोन्ही वेळा एकच ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नाडीच्या लक्ष्यात. नाडी जास्तीत जास्त किती जाईल याचं २२० वजा वय हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. ५५ वर्षांच्या माणसाचे १६५ आले, त्याचे ७० टक्के साधारण ११५. पण या पेशंटांपैकी बहुतेकांना मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असते आणि ती नाडी वरच जाऊ देत नाही. ११५ गाठायच्या नादात तो धापा टाकायला लागतो. ट्रेडमिल चाचणी झाली नसेल तर विश्रांतीच्या नाडीपेक्षा २० ते ३० पर्यंतच वर जाऊ द्या आणि बोर्गच्या ६ ते २० पट्टीवर, म्हणजे किती श्रम वाटतात ते पेशंटनं आकड्यात सांगायच्या पट्टीवर, ११ ते १३ मध्ये ठेवा. आकडा विचारला की आपल्याकडचा शेतकरी "काय न्हाय, बरं हाय" म्हणून मोकळा होतो. त्यापेक्षा त्याला उसाचा दर विचारा. उत्तर एका दमात आलं तर वेग ठीक. वाक्य मध्येच तुटलं तर कमी करा.

सुरुवातीला आणि शेवटी पाच-दहा मिनिटं हळू चालणं हवंच. एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं, बीपी उतरतं, चक्कर येते. घाईत गाळला जातो तो हाच शेवटचा भाग.

कुठल्या कामाला किती श्रम पडतात याची कोर्समधली यादी परदेशी असते, झाडलोट आणि गोल्फ. तुमची स्वतःची करा: धारा काढणं, रात्रीची लाईट आल्यावर उसाला पाणी धरणं, ४५ किलोचं युरियाचं पोतं. बायपासमध्ये कापलेलं छातीचं हाड सांधेपर्यंत, म्हणजे साधारण आठ ते बारा आठवडे, पोत्याला हात लावायचा नाही. भरलेली घागरसुद्धा नाही. बायकांना हे कुणी सांगतच नाही, घरी गेल्या की दुसऱ्या दिवशी पाणी भरतात.

मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा, आणि तीत लोणचं, पापड, खर्डा, भडंग सगळं आलं. हृदय कमजोर असलेल्यांचं रोज सकाळी वजन लिहून ठेवायला लावा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले किंवा आडवं झोपवेना, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. चालताना छातीत दुखून विश्रांतीनं थांबलं नाही, तर फोनाफोनी करत बसू नका, १०८ बोलवा.