पंचांगाच्या घरातून नॉटिकल अल्मनॅककडे

घरात पंचांग पाहणारं कुणी असेल, तर डेक कॅडेटच्या, म्हणजे जहाजावरच्या शिकाऊ अधिकाऱ्याच्या, वर्गात ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढणं तुम्हाला लवकर उमगेल. माझे काका यवतमाळकडच्या गावात पत्रिका मांडायचे. रोहिणी, मघा, चित्रा, स्वाती, ज्येष्ठा मी अंगणातूनच ओळखायचो. नॉटिकल अल्मनॅक म्हणजे नाविकांचं पंचांग, सूर्य-ताऱ्यांच्या जागा देणारं पुस्तक. त्याच्या ५७ ताऱ्यांत हे सगळे आहेत. अल्डेबरान, रेग्युलस, स्पायका, आर्क्ट्युरस, अँटारेस ही नावं तेवढी पाठ करायची.

घोळ होतो शून्य अंशापाशी. अल्मनॅकमधला 'एरीज' म्हणजे वसंतसंपात, सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे येतो तो बिंदू. सूर्य तिथे २०-२१ मार्चला येतो. आपलं पंचांग निरयन, म्हणजे राशी स्थिर ताऱ्यांवरून मोजणारं, त्यामुळे मेष संक्रांत १४ एप्रिलच्या सुमारास. मधले अयनांश, म्हणजे या दोन शून्यांतलं अंतर, आज २४ अंशांहून थोडे जास्त आहेत. तेव्हा एरीजचा रकाना वाचताना पंचांगातली मेष विसरा. वेळेचंही तसंच. पंचांग भारतीय वेळेचं, अल्मनॅक ग्रीनिचच्या. साडेपाच तास वजा करायचे. घड्याळ ४ सेकंद चुकलं तर विषुववृत्तावर जहाजाची जागा एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर, सरकते. पत्रिकेला ४ सेकंद कोण विचारतो!

काकांनी एकदा अल्मनॅक चाळून विचारलं, "राहू-केतू कुठं हायेत बाप्पा याच्यात?" नाहीतच. ते चंद्राच्या कक्षेचे पातबिंदू, म्हणजे ती सूर्याच्या मार्गाला छेदते त्या जागा. सेक्स्टंट (क्षितिजापासून ताऱ्याची उंची मोजायचं साधन) रोखायला तिथे काही दिसत नाही. सूर्याजवळ घुटमळणारा बुधही वगळलाय. ग्रह चारच: शुक्र, मंगळ, गुरू, शनी. ज्योतिषाला ग्रह कोणत्या राशीत ते हवं. नाविकाला, तो या क्षणी पृथ्वीवरच्या कुठल्या बिंदूच्या थेट डोक्यावर आहे ते. मला दुसरा प्रश्न आवडतो, कारण उत्तर चुकलं तर ते किनारा दिसताच कळतं.

जीपीएस आहे, पण परीक्षेत हे विचारतातच. सरावासाठी सेक्स्टंट घेऊ नका, आपल्याकडे समुद्राचं क्षितिज कुठून आणणार? १ मीटरची काठी ओळंबा लावून सरळ रोवा. २२ डिसेंबरला यवतमाळात दुपारची सर्वांत आखूड सावली साधारण ९६ सेंटिमीटर भरते, वेळ सव्वाबाराच्या आसपास. त्यावरून सूर्याचं खस्वस्तिकापासूनचं, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूपासूनचं, अंतर येतं ४३.८ अंश, सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला २३.४ अंशांवर, ते वजा केले की अक्षांश २०.४. सावली मोजताना एक सेंटिमीटर चुकला, तर गाव तीसेक किलोमीटर उत्तरेला किंवा दक्षिणेला जातं, म्हणून बाराच्या आधीपासूनच दर दोन मिनिटांनी खूण करत राहा.