प्राथमिक शाळेने पोहणे शिकवण्याची सोय कशी निवडावी

तापी, गिरणा, पांझरा आणि गोमाई यांच्या काठची गावे पाण्याला पिढ्यान्‌पिढ्या सरावलेली आहेत. तरीही मला नदीइतकीच धास्ती शेततळ्याची वाटते. त्याच्या उतारावर अंथरलेला प्लास्टिकचा कागद शेवाळाने इतका निसरडा होतो की आत घसरलेल्या मुलाला पाय रोवायला जागा मिळत नाही आणि पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. म्हणून पोहणे हा उन्हाळी छंद न मानता शाळेने ते अभ्यासासारखे शिकवावे, असे माझे ठाम मत आहे.

शाळा व्यवस्थापन समितीने आधी उद्दिष्ट ठरवावे. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात प्राथमिक शिक्षण संपेपर्यंत मुलाला किमान 25 मीटर पोहता यावे, अशी अपेक्षा आहे. आपल्याकडे त्याआधी पाठीवर शांतपणे तरंगणे आणि काठ धरून बाहेर येणे, या दोन गोष्टी प्रत्येक मुलाला आल्या तरी मोठे काम होईल.

सोय निवडताना तलाव किती देखणा आहे यापेक्षा प्रत्येक मूल प्रत्यक्ष पाण्यात किती वेळ राहील, याचा हिशेब मांडावा. तीस मुलांना एकच प्रशिक्षक आळीपाळीने शिकवणार असेल, तर तासाभरात एकेकाच्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटे येतात. आठ-दहा नवशिक्यांमागे एक प्रशिक्षक असावा आणि काठावर केवळ लक्ष ठेवणारा एक स्वतंत्र माणूस असावा, ज्याच्या हातात मोबाइल नसेल.

जवळच्या शहरात तलाव असेल आणि बसने अर्ध्या तासात पोहोचता येत असेल, तर तो पर्याय सर्वांत सोपा आहे. मात्र करार करण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी स्वतः जाऊन पाहावे : उथळ भागात पाणी मुलांच्या छातीच्या वर जाते का, तळ स्पष्ट दिसतो का, क्लोरीन आणि पीएच यांची रोजची नोंद ठेवली जाते का. पीएच 7.2 ते 7.8 दरम्यान असावा. मुलींसाठी बंद खोलीत कपडे बदलण्याची सोय आणि शक्यतो महिला प्रशिक्षक नसेल, तर निम्मा वर्ग घरीच राहील. अंगाला बसणारा टी-शर्ट आणि लेगिंग चालतील, असे पालकांना आधीच सांगितले की संमतिपत्रे लवकर येतात.

तलाव दूर असेल, तर शाळेच्या आवारात लोखंडी सांगाड्याचा तात्पुरता हौद उभारता येतो. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि 90 सेंटिमीटर खोल पाण्याच्या हौदाला सुमारे 29 हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळपास तीन टँकर लागतात. गाळण यंत्र असेल तरच हा खर्च करावा, कारण टंचाईच्या गावात दर आठवड्याला पाणी बदलणे परवडत नाही आणि शोभतही नाही. शाळा सुटल्यावर हौदाभोवती कुलूपबंद कुंपण हवेच.

विहिरीचे काय, असे वडीलधारे विचारतील. पाठीला वाळका भोपळा बांधून आणि कमरेला दोर लावून आपल्या पिढ्या विहिरीतच शिकल्या, हे खरे आहे. पण तिथे एका मुलामागे एक पट्टीचा पोहणारा असे. वर्गासाठी विहीर निवडू नये, कारण उभे राहायला तळ नसला की घाबरलेले मूल शिकत नाही.

वेळ म्हणून फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ मला योग्य वाटतो : थंडी ओसरलेली असते आणि सकाळच्या शाळेमुळे ऊन तापण्याआधी तास संपतो. आठवड्यातून एकदा वर्षभर जाण्यापेक्षा सलग दोन-तीन आठवडे रोज गेल्यास पाण्याची भीती लवकर मोडते.

पैसे अजिबात नसतील, तरी जमिनीवरचा पाठ चुकवू नये. बुडणाऱ्याला वाचवायला मुलाने पाण्यात उडी मारायची नाही. ओरडून मोठ्यांना बोलवायचे आणि दोर बांधलेला रिकामा तेलाचा कॅन फेकायचा, हे मैदानावर प्रत्येकाकडून दहा वेळा करून घ्यावे. शिक्षकांनी कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकून घ्यावा. बाहेर काढलेला श्वास घेत नसेल, तर त्याचे पोट दाबण्यात वेळ न घालवता कृत्रिम श्वासोच्छ्वास सुरू करावा आणि दुसऱ्याने 108 वर फोन करावा. जूनमध्ये शाळा उघडताच हा पाठ सुरू करून पोळ्याच्या आधी पूर्ण करावा, कारण बैल धुवायला मोठ्यांबरोबर मुलेही नदीवर जातात.